आमच्या घरचा हेनू

मी जर्मनीला जाऊन आलो हे आमच्या राजेंद्र नगरात आज कुणालाही आठवत नाही. हेनिंग इंदूरला येऊन गेला हे मात्र दूधवाल्यापासून देवळातल्या गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या लक्षात आहे. परवा कोपऱ्यावरच्या पोहेवाल्याने मला थांबवून विचारलं, "भिया, वो जर्मनवाले भिया वापस कब आ रिये हैं?" मी त्याच्याकडे शाळेत असल्यापासून पोहे खातो. वरून जिरावन मसाला जास्त, शेव वेगळ्या कागदात, हे मला त्याला कधी सांगावं लागत नाही. पण मी महिनाभर कुठे होतो हे त्याने विचारलं नाही. पोहे अर्धे टाकून उठावं असं फार मनात आलं, पण इंदूरचा माणूस पोहे टाकत नाही, म्हणून संपवून उठलो.

आता झालं ते सगळं सांगतो. यात माझी काही चूक नव्हती एवढं आधी लक्षात ठेवा.

मी हृषीकेश, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या कॉलेजने जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या कॉलेजशी करार केला. अभ्यासाचा विषय शहरातला कचरा. महिनाभर त्यांच्यातले काहीजण इकडे येणार, आमच्यातले काहीजण तिकडे जाणार, आणि राहायचं एकमेकांच्या घरी. इंदूर हे देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर. हे आम्ही म्हणत नाही, सरकार म्हणतं. आम्ही फक्त भेटेल त्याला ते पुन्हा सांगतो. तेव्हा कचऱ्याच्या बाबतीत जर्मनांनी आमच्याकडे शिकायला येणं मला अगदी योग्यच वाटलं.

खरं सांगायचं तर मला कचऱ्यात काडीचा रस नव्हता. मला शोभनाकाकूंना जळवायचं होतं. शोभनाकाकू म्हणजे आमची भिंत आणि त्यांची भिंत एक. त्यांचा एक भाचा कॅनडात असतो. त्याच्या दारात किती बर्फ पडलं हे आम्हाला रोज कळतं. आमच्याकडे नळाला पाणी आलं नाही तरी त्याच्याकडचं बर्फ चुकत नाही. आणि काकू हे सांगत असताना त्यांची मुलगी क्षितिजा मोठे डोळे करून ऐकत असते, हा खरा त्रास. तिने महिनाभर का होईना पण माझ्याविषयी तसे डोळे करावेत, एवढीच माझी इच्छा होती. यात काही वाईट आहे असं मला अजूनही वाटत नाही.

बातमी सांगायला मी स्वतः पेढे घेऊन गेलो. काकूंनी पेढा तोंडात टाकला, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे साटंलोटंच की रे. तुमचा त्यांच्याकडे, त्यांचा तुमच्याकडे." क्षितिजा इतकी हसली की तिला ठसका लागला. जागतिक पातळीवरच्या शैक्षणिक देवाणघेवाणीला साटंलोटं म्हणणाऱ्या घरात मी पुन्हा पेढे नेणार नाही असं तेव्हाच ठरवलं. साटंलोट्यात निदान लग्न तरी होतं.

मग व्हिसा. आमच्या बाबांच्या ओळखीचा एक फोटोवाला जुनी इंदूर भागात आहे. बाबांचा लग्नाचा फोटो त्याच्याच वडिलांनी काढलेला, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. त्याने माझा फोटो काढला आणि प्रेमाने मला चांगला दोन छटा गोरा केला, गालावरचा तीळ उडवला आणि केस थोडे दाट केले. आई म्हणाली, पहिल्यांदाच तुझा फोटो तुझ्यासारखा आला. व्हिसाच्या खिडकीवरच्या बाईने फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की ज्यांचा अर्ज आहे ते स्वतः का आले नाहीत. मी म्हणालो, मीच तो. तिने फोटो परत केला. फोटोवाल्याकडे पुन्हा गेलो तेव्हा तो दुखावला. भिया, लोक पैसे देऊन तीळ काढून घेतात, मी तुमचा फुकट काढला, असं म्हणाला. शेवटी त्याने तीळ परत बसवला, पण दुसऱ्या गालावर. तिसरा फोटो मी स्टेशनाजवळच्या मशीनवर काढून घेतला आणि ही गोष्ट बाबांना आजपर्यंत सांगितलेली नाही.

सल्ले तर विचारू नका. आमच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष गोपीनाथकाका एकदा कंपनीच्या खर्चाने सिंगापूरला जाऊन आले, त्या भांडवलावर ते परदेशाचे जाणकार झाले आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून, तिकडच्या संडासात पाणी नसतं एवढं सांगितलं आणि प्लास्टिकचा हिरवा मग भेट दिला. तो मग माझ्या सामानात सगळ्यात वर ठेवावा असा त्यांचा आग्रह होता, कारण गरज कधीही पडू शकते.

आणि आईचा सल्ला. तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं. आई शेव, जिरावन आणि भाजणी बॅगेत कोंबत होती आणि म्हणत होती, "दुसऱ्याचं घर आहे, हृषी. काही विचारलं की लगेच हो म्हणायचं नाही. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. हावरट दिसता कामा नये."

हे मला शिकवायची गरजच नव्हती. मी जन्मापासून नको म्हणत आलोय. आमच्या घरी पद्धतच अशी. आई म्हणते पोळी घे, मी म्हणतो नको. आई वाढते. मी म्हणतो, किती वाढतेस. आई तूप घालते. मी कपाळाला हात लावतो आणि खातो. माझं नको आणि आईची पोळी यांचा एकमेकांशी काही संबंध असतो असं आमच्याकडे कुणीच धरत नाही.

निघताना आई रडली. गल्लीच्या तोंडापर्यंत रडत आली. मला बरं वाटलं. ज्याच्या घरी मी राहणार होतो तो हेनिंग त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या घरी पोचला. नंतर बाबांनी सांगितलं की आई लगेच सावरली, कारण रडत बसली असती तर पाहुण्याचं कोण बघणार.

हेनिंगच्या आईचं नाव हाइके. उंच, सरळ बाई, गावातल्या वाचनालयात कामाला. घरी ती एकटीच असायची. एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं माझ्या जिवावर आलं. काकू म्हणावं तर काकू म्हणजे काय हे समजावत बसावं लागलं असतं. त्यामुळे महिनाभर मी तिला हाकच मारली नाही. काही काम असलं की ती असेल तिथे जाऊन उभा राहायचो, मग केव्हातरी तिचं लक्ष जायचं. एकदोनदा ती दचकली.

पहिल्या संध्याकाळी तिने टेबलावर लोण्यातले बटाटे मांडले, सूप, ताजा ब्रेड, चीज. मी शाकाहारी आहे हे तिने लक्षात ठेवलं होतं. विमानातलं अन्न मला गेलं नव्हतं, पोटात नुसते कावळे ओरडत होते. तिने बटाट्याचं भांडं पुढे करून इंग्रजीत विचारलं, घेणार का. मी आईचा मुलगा. मी म्हणालो, नको नको, थँक्यू.

"ठीक आहे," ती म्हणाली आणि भांड्यावर झाकण ठेवलं.

मला वाटलं, बटाटे गरम राहावेत म्हणून झाकलं. मी दुसऱ्या वेळेची वाट बघत बसलो. तिने स्वतःचं जेवण केलं, माझ्याशी इंदूरच्या हवामानाविषयी बोलली, ताटली धुतली आणि भांडं फ्रिजमध्ये ठेवलं. फ्रिजचं दार बंद झालं तेव्हा माझ्या लक्षात आलं की या देशात दुसरी वेळ नसते. मी खोलीत जाऊन शेव खाल्ली. हेनिंगच्या पलंगावर बसून, कुरकुर आवाज होऊ नये म्हणून एकेक काडी तोंडात विरघळवून.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी हो म्हणायचं. मीही तसंच ठरवलं होतं. पण ती विचारायची आणि माझ्या तोंडातून नको आपोआप बाहेर पडायचं. सवय म्हणजे काय चीज आहे ते मला तिथे कळलं. जास्तीचं पांघरूण हवं का? नको. कुडकुडत झोपलो. कॉलेजपर्यंत गाडीने सोडू का? नको, कशाला त्रास. चालत गेलो, पावसात. दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये पैसे देऊन जेवायचो, तिथे कुणी विचारत नाही म्हणून जमायचं. शनिवारी ती मैत्रिणींबरोबर तळ्यावर बोटीत जाणार होती. येतोस का, म्हणाली. मी दोनदा नको म्हणायच्या तयारीने पहिलं नको म्हणालो, आणि गाडी गेली.

त्या शनिवारी घरात एकटा असताना मी ठरवलं की निदान इंदूरचं नाव तरी राखू. स्वयंपाकघरातला कचरा भरला होता. तो मी ओला-सुका असा आमच्या पद्धतीने छान वेगळा केला आणि खाली नेऊन ठेवला. खाली डबे पाच, पाच रंगांचे. मी माझ्या बुद्धीप्रमाणे टाकला. थोड्या वेळात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे एक म्हातारे आजोबा माझी पिशवी घेऊन उभे होते. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून वापरलेली एक टी-बॅग काढली, तिचा दोरा वेगळा केला, कागद वेगळा केला, पत्ती वेगळी केली, पिन वेगळी केली आणि सगळं माझ्या हातात दिलं. मग माझ्याकडे असं बघितलं की मी देशाचा विचार करून मान खाली घातली. इंदूरला आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, पण दोऱ्यासाठी वेगळी गाडी येत नाही.

आणि हे सगळं चालू असताना तिकडे काय होत होतं? पहिल्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मी म्हटलं, आता आई विचारेल, जेवलास का, वाळलास का. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. पडद्यावर आमची जेवणाची खोली दिसली. फ्रिजला पाठ लावून जी खुर्ची आहे ती माझी. तिथे एक सोनेरी केसांचा, टोलेजंग मुलगा मांडी घालून बसला होता. खुर्चीवर मांडी. आणि त्याच्यापुढे माझ्या मुंजीतलं, माझं नाव कोरलेलं स्टीलचं ताट.

"हा बघ आमचा हेनू," आई म्हणाली.

हेनू. हृषीचं हृ करायला तिला कधी सुचलं नाही. हेनिंगने ताट उचलून पुढे केलं, अगदी कॅमेऱ्यापर्यंत, आणि म्हणाला, "अजून." त्याला मराठीतला एवढा एकच शब्द येत होता. पण तो शब्द त्याने असा काही म्हटला की आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने त्याला भाजी वाढली, पोळी वाढली, वर तूप. मी इकडून ओरडून विचारत होतो, आई, भाजी कसली आहे? आई म्हणाली, थांब रे, हेनूला कोशिंबीर द्यायचीये.

त्यानंतर रोज नवीन काहीतरी. क्षितिजा मला व्हिडिओ पाठवायची. मैत्रीखात्यात पाठवते असं ती म्हणायची, मला वाटतं मजा बघत होती. हेनिंग सकाळी कचऱ्याच्या गाडीमागे वही घेऊन पळतोय. हेनिंगचा फोटो हिंदी पेपरात, शीर्षक "जर्मनी से सीखने आए." हेनिंग भुट्ट्याचा कीस खातोय आणि शोभनाकाकू शेजारी उभ्या राहून त्याला लिंबू पिळून देतायत. त्या काकू, ज्यांच्या घरी मला पेढ्याच्या बदल्यात टोमणा मिळाला. बाबा, जे माझ्याशी फक्त वीजबिल आल्यावर बोलतात, ते हेनिंगला कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, म्हणजे राजघराण्याच्या जुन्या समाध्यांवर, घेऊन गेले आणि तिथल्या एकेका खांबाची माहिती तासभर त्याला देत होते. मी आयुष्यभर इंदुरात राहिलो, मला एका खांबाची माहिती दिली नाही. एका व्हिडिओत क्षितिजा त्याला लेझीम शिकवत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, जमतं का त्याला? तिचं उत्तर आलं, "हाओ ना, तेरे से तो अच्छा है."

मला जळायला होत होतं. उगीच दुसरा शब्द शोधत नाही. ज्यांना जळवायला मी निघालो होतो ते मजेत होते, आणि मी हेनिंगच्या थंडगार खोलीत, हेनिंगच्या पांघरुणात, संपत आलेली शेव खात जळत होतो.

मग गणपती आले. आमच्या घरचा गणपती दर वर्षी मी आणतो. डोक्यावर काळी टोपी, अंगात रेशमी कुर्ता, हातात पाट, पाटावर मूर्ती आणि वर रुमाल. पाचवीत असल्यापासून हा मान माझा. यंदा मी नाही म्हणजे बाबा आणतील असं मी धरून चाललो होतो. रविवारी क्षितिजाचा व्हिडिओ आला तेव्हा मी हाइकेच्या स्वयंपाकघरात उभा होतो, म्हणजे तिचं लक्ष जाण्याची वाट बघत. व्हिडिओ लावला. आमची गल्ली. गोपीनाथकाका पुढे झांज वाजवतायत. मागून हेनिंग येतोय. माझी टोपी, त्याच्या डोक्यावर बशीएवढी दिसणारी. माझा कुर्ता, त्याच्या बेंबीपर्यंत. आणि हातात आमचा गणपती. दारात आई त्याच्या पायावर दूध-पाणी घालतेय, त्याला कुंकू लावतेय, आणि हेनिंग न शिकवता मान वाकवतोय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भक्तीचं नव्हतं. मी फोन पालथा ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "पुन्हा लाव."

हाइके माझ्या खांद्यावरून बघत होती. मी पुन्हा लावला. तिने चार वेळा बघितला. मग खुर्ची ओढून बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो माझ्यासमोर कधी मान वाकवत नाही. घरी एक ब्रेड खातो आणि खोलीत जातो. तुझ्या आईने पाठवलेल्या फोटोत तो रोज खाताना दिसतो. ती असं काय करते?"

मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं की ही बाई जळतेय. चांगली खमंग जळतेय. इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी तिच्यासमोर बसलो आणि सांगितलं की माझी आई विचारत नाही. म्हणजे विचारते, पण उत्तर ऐकत नाही. पहिलं नको हे चालीरीत म्हणून असतं, दुसरं नको मान म्हणून असतं, तिसऱ्या वेळी माणूस खातो. मग हाइकेने मला एकच प्रश्न विचारला, पहिल्या दिवशीचे बटाटे तुला हवे होते का. मी म्हणालो, हो. ती उठली आणि गॅस पेटवला.

त्या दिवसापासून माझं खाणं सुधारलं. ती आता दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा थांबायची आणि अगदी गंभीरपणे म्हणायची, "हे पहिलं नको आहे की दुसरं?" मी सांगायचो, दुसरं. मग ती वाढायची. जर्मन माणूस एकदा पद्धत शिकला की चुकत नाही.

गौरीजेवणाच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला आणि ती रडत होती. एक क्षण मला वाटलं माझ्या आठवणीने रडतेय. हेनू आजारी होता. गौरीच्या दिवशी पुरणपोळ्या केल्या होत्या, त्या त्याला जड गेल्या, पोट बिघडलं, ताप चढला, डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. मला हे ऐकून फार वाईट वाटलं असं मी सगळ्यांना सांगतो. हाइकेला कळलं तेव्हा ती पांढरीफटक पडली. तिकीट काढायला निघाली होती. मी तिला बसवलं. म्हटलं, माझी आई त्याला ओव्याचं पाणी देत असेल. मऊ भात देत असेल. रात्रभर त्याच्या उशाशी बसेल, जा झोप असं म्हटलं तरी उठणार नाही.

"नक्की बसेल?" हाइकेने विचारलं.

मी हो म्हटलं, आणि माझा आवाज मला ओळखू येईना. मला दहावीच्या वर्षी कावीळ झाली होती तेव्हा आई अशीच बसायची आणि मी तिला दर थोड्या वेळाने, जा ना, नको बसूस, असं म्हणायचो.

हेनू तीन दिवसांत उठून बसला. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीमही खेळला, व्हिडिओ आलाच. मग महिना संपला. तो तिकडे निघाला, मी इकडे. निघताना हाइकेने मला गाडीने स्टेशनवर सोडलं. मी नको म्हणालो नाही. तिने डब्यात बटाटे दिले होते. गोपीनाथकाकांचा हिरवा मग मी तिच्याकडेच ठेवून आलो, ती त्याने झाडांना पाणी घालते.

घरी पोचलो. गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. मी चॉकलेटं घेऊन शोभनाकाकूंकडे गेलो. त्यांनी चॉकलेट घेतलं आणि विचारलं, हेनू पोचला का नीट? मी तळ्याविषयी सांगायला सुरुवात केली, ज्या तळ्यावर मी गेलो नव्हतो, तर त्या म्हणाल्या, त्याला पाण्याची फार आवड हो, सांगत होता. क्षितिजाने डोळे मोठे केले, पण तिचं लक्ष माझ्या मागे भिंतीवर होतं. तिथे हेनिंगचा लेझीम खेळतानाचा फोटो लावलेला होता.

घरी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. माझ्यासाठी, एवढं तरी मी समजून घेतलं. मी माझ्या खुर्चीवर बसलो. माझं ताट पुढे आलं, माझं नाव माझ्याकडे करून. महिनाभर मी या ताटाची वाट बघत होतो. पहिली पोळी कशी गेली कळलंच नाही. आई डबा घेऊन आली. मी पाठ टेकून बसलो, चेहऱ्यावर जरा कंटाळा आणला. घरी आल्याचं सुख म्हणतात ते हेच.

"अजून एक?" आईने विचारलं.

"नको," मी म्हणालो.

"बरं," आई म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

मी हसलो. मला वाटलं गंमत करतेय. तिने डबा ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला लागली. फ्रिज माझ्या पाठीशी गुरगुरत होता. मी बाबांकडे बघितलं. बाबा ताटातलं मीठ बघत होते.

"आई, तू वाढणार नाहीस?"

"नको म्हणालास ना."

"मी नेहमीच म्हणतो."

आई हात पुसत माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "गणपतीसमोर शब्द दिलाय मी. कुणी नको म्हटलं की वाढायचं नाही. त्या पोराने शेवटच्या पोळीला नको म्हटलं होतं, हृषी. हात जोडून म्हटलं होतं. मला वाटलं, तुझ्यासारखंच नको असेल. मी वाढली, आणि माझ्या शब्दाखातर त्याने ती खाल्ली. काही झालं असतं तर त्याच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?"

म्हणजे त्याला सलाईन लागलं तेही माझ्यामुळे. पण आई थांबली नव्हती. ती ताटावरच्या माझ्या नावावरून बोट फिरवत होती.

"आणि एक सांगू? त्याने पहिल्या दिवशी ताट पुढे करून अजून म्हटलं ना, तेव्हा मला अगदी भरून आलं. तू कधी मागितलं नाहीस रे. एकदासुद्धा. मी वाढते म्हणून तू खातोस. माझ्या हातचं तुला आवडतं की नुसतं चालतं, हे मला अजून कळलेलं नाही."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला राग आणायलाही जागा राहिली नाही. मी महिनाभर हेनिंगवर जळत होतो की त्याने माझी खुर्ची घेतली, ताट घेतलं, टोपी घेतली. आणि त्याने घेतलं काय होतं, तर एक शब्द, जो माझ्या घरात माझ्यासाठी इतकी वर्षं तसाच पडून होता आणि मी कधी उचलला नव्हता.

मी ताट उचललं. ते आईपुढे धरलं.

"अजून," मी म्हणालो. आणि तेवढ्याने भागणार नाही असं वाटून पुढे म्हणालो, "आवडते म्हणून."

आईने माझ्याकडे नीट बघितलं, हे कितवं नको आहे ते तपासावं तसं. मग उठली, डबा उघडला, पोळी वाढली आणि तुपाची वाटी सगळी उपडी केली. तिचे डोळे भरले होते, त्यामुळे निम्मं तूप टेबलावर सांडलं. बाबांनी ते बोटाने पुसून घेतलं.

तिसरी मी मागून घेतली. चौथीही. पाचवी पोटात शिरेना, पण मी विचारलं, हेनूने किती खाल्ल्या होत्या? आई म्हणाली, पाच. बाबा म्हणाले, बेताने घे, डॉक्टरांचा फोन नंबर अजून फ्रिजवर चिकटवलेलाच आहे.

मी पाचवी संपवली, ताट पुढे केलं आणि सहावी मागितली.